फुकटची केस आणि तारखेला कोण?

९ नोव्हेंबर जवळ आला की माझ्या फीडवर वकिलांच्या फर्म्सचे एकाच छापाचे फोटो सुरू होतात. काचेची कॉन्फरन्स रूम, मागे स्टँडी, पुढे आठ-दहा ब्लेझर आणि खाली ‘आमची फर्म प्रो बोनो कामासाठी कटिबद्ध आहे’, म्हणजे व्यवहारात गरजूंसाठी बिनफीचं वकिली काम. (९ नोव्हेंबरच का, तर तो विधी सेवा दिवस. गरजूंना मोफत वकील देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ला आणि लागू व्हायला १९९५चा ९ नोव्हेंबर उजाडला. आपल्याकडे कायद्यालाही तारीख पडते.) काल जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने असाच फोटो टाकला, मी लाईक पण ठोकलं, आणि मग झोप लागेना म्हणून हे लिहीत बसलेय.

कारण असल्या एका फोटोत मी पण आहे.

दुसऱ्या वर्षाची असोसिएट, म्हणजे फर्मची पगारी ज्युनियर वकील, होते तेव्हा. लोअर परळला ऑफिस, कामं सगळी कर्जाची, शेअर्सची, करारमदारांची, कोर्टाचं तोंड महिन्यातून एकदा बघितलं तर बघितलं. वरून ठरलं की आता आपण पण प्रो बोनो करायचं. एका संस्थेकडून एक ताई आल्या, साकीनाक्याच्या, चार घरी धुणंभांडी, दोन पोरं, नवरा मारायचा आणि खोलीतून निघ म्हणायचा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज टाकायचा होता, अंतरिम पोटगी (निकाल लागेपर्यंतची) आणि खोलीत राहायचा हक्क, बस एवढंच. मी तीन आठवडे ड्राफ्ट केला. चौतीस पानं झाली, सुप्रीम कोर्टाचे निकाल, खाली फुटनोट, पार्टनरने लाल पेनाने स्वल्पविराम सुधारले. अंधेरी कोर्टात फुटनोट! आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा आम्हाला वाटत होतं की काय काम केलंय.

पहिल्या तारखेला आम्ही तिघं गेलो, फोटो त्याच दिवशीचा. दुसऱ्या तारखेला मी एकटी. तिसऱ्या तारखेला एका मोठ्या डीलच्या सह्या होत्या, पार्टनर म्हणाले, “अगं ते अंधेरीचं मॅटर ना, कुणाला तरी सांगून तारीख घे.” मी एका ओळखीच्या वकिलाला फोन केला, तो हो म्हणाला, आणि तो दुसऱ्या कोर्टरूममध्ये अडकला. इकडे पुकारा झाला. ताई एकट्याच उभ्या राहिल्या. नवऱ्याचा वकील मात्र होता, त्याला फी मिळत होती. कोर्टाच्या रोजनाम्यात नोंद, अर्जदार हजर, अर्जदाराचे वकील गैरहजर. पुढची तारीख अडीच महिन्यांनी. त्याच कायद्यात लिहिलंय की अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “मॅडम, पैसे भरले असते तर कोणी आलं असतं का? सांगा, थोडे थोडे करून देते ना मी.” चारही घरी खाडा झाला होता त्यांचा त्या दिवशी, त्यातल्या एका घराने पगार कापला.

तर माझं म्हणणं सरळ आहे. फर्म फुकट काम करते की नाही हा प्रश्नच नाही, फुकटच्या फाईलवर तारखेला कोण उभं राहतं हा प्रश्न आहे. ड्राफ्ट सगळेच छान करतात हो, एसीत बसून करायचं काम ते, रिसर्च करायला इंटर्न असतात. पण गरिबाची केस ड्राफ्टमध्ये नाही, तारखेत असते. कोर्टाच्या कागदांच्या नकलेचा अर्ज टाकून चार वेळा खिडकीवर जाण्यात असते, समन्स बजावलं गेलं का ते पोलीस स्टेशनला विचारण्यात असते. आणि त्यासाठी माणूस लागतो, तो दुपारभर मोकळा असावा लागतो, आणि मोकळा असल्याबद्दल त्याला वर्षाच्या शेवटी बोलणी बसता कामा नयेत.

हे काय मी नवीन सांगत नाहीये. प्रो बोनो म्हणजे ‘फुकट’ नाहीच मुळात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लोकांच्या भल्यासाठी. आपल्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांसाठी नियम करणाऱ्या मंडळाच्या, नियमांत ४६ नंबरचा नियम आहे, ज्याला खरंच वकिलाची गरज आहे आणि पैसे नाहीत त्याला आपल्या ऐपतीत राहून फुकट मदत करणं हे वकिलाच्या मोठ्यातल्या मोठ्या कर्तव्यांपैकी एक, असं त्यात म्हटलंय. परीक्षेपुरता सगळ्यांनी वाचलेला असतो.

आणि एक केस, जी मला फार आवडते, आपल्या महाराष्ट्राचीच, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार, १९७८. हा माणूस चक्क विद्यापीठातला रीडर, म्हणजे वरच्या पदावरचा शिक्षक, कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट सर्टिफिकेटांसाठी शिक्का करवून घेताना पकडला गेला. सेशन्स कोर्टाने किरकोळ शिक्षा दिली, हायकोर्टाने ती तीन वर्षं केली. सुप्रीम कोर्टात तो पोचला चार वर्षांहून जास्त उशिरा, शिक्षा भोगून सुद्धा झाली होती. का, तर म्हणाला निकालाची प्रत मला मिळालीच नाही. प्रत येरवड्याला पाठवली होती म्हणे. त्याचा अर्ज शेवटी फेटाळला, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने सांगून टाकलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट द्यायची, दिल्याची लेखी पोच घ्यायची, आणि अपिलाला वकील परवडत नसेल तर तो कोर्टाने द्यायचा आणि फी सरकारने भरायची. मला त्यात ती पोच आवडते. एवढा मोठा हक्क आणि तो अडकतो कुठे, तर एका कागदावर सही घेतली का नाही यात.

अमेरिकेची उदाहरणं आमच्या फर्म्सना लगेच पटतात म्हणून तेही सांगते. गिडिअन नावाच्या कैद्याला खटल्यात वकील नाकारला होता, त्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला, सुप्रीम कोर्टाने त्याला वकील दिला एब फोर्टास, वॉशिंग्टनच्या तगड्या फर्मचा पार्टनर. १९६३ला केस जिंकली, मग फेरखटल्यात वकील मिळाल्यावर गिडिअन सुटला. म्हणजे फर्मने आपला सगळ्यात भारी माणूस दिला, दुसऱ्या वर्षाची पोरगी नाही दिली. तिकडच्या बार असोसिएशनच्या नियमात वर्षाला निदान ५० तासांची अपेक्षा आहे, सक्ती नाही, पण बऱ्याच फर्म्स हे तास बिलेबल तासांतच, म्हणजे अशिलाला बिल लावायच्या तासांतच, धरतात. माझ्या मते खरी मेख ही आहे. आमच्याकडे माझे ताईंच्या केसचे तास ‘इतर’ या रकान्यात जायचे, ऑफिस पिकनिकची तयारी पण त्याच रकान्यात.

तिकडे तरी सगळं आलबेल आहे असं नाही. २०२५ला ट्रम्पने मोठ्या फर्म्सच्या मागे आदेश लावले तेव्हा पॉल वाइसने ४ कोटी डॉलर्सचं फुकट काम कबूल करून सुटका करून घेतली, स्कॅडनने १० कोटींचं. पुण्यकर्माची पण हुंडी वटवता येते म्हणायची. पर्किन्स कुईसारख्या चार फर्म्स मात्र कोर्टात गेल्या आणि जिंकल्या.

लगेच कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेल, फर्म्सना नावं ठेवता, तालुक्याचा वकील काय करतो? अहो तो तर रोज करतो. गावातला, भावकीतला, आईच्या भिशीतला, कुणाकडून फी घेणार, टायपिंगचे पण स्वतःच्या खिशातून जातात आणि त्याला तो प्रो बोनो म्हणत पण नाही. त्याच्याकडे स्टँडी नाही. आणि विधी सेवा समितीच्या पॅनेलवरच्या वकिलांनाही सरसकट वाईट म्हणू नका, मानधन बघितलं तर त्यातले काही जण जे काम करतात ते नवलच आहे.

ताईंचं पुढे काय झालं? मी फर्म सोडली, केस घेऊन सोडली, तेवढी हिंमत कुठून आली माहीत नाही. पोटगीचा हुकूम झाला, खोली राहिली. पोटगीच्या वसुलीचा अर्ज अजून चालूच आहे.

आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. बाई असाल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातीचे असाल, कोठडीत असाल तरी नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन लावा. वकील दिला की त्याचं नाव आणि मोबाईल नंबर कागदावर लिहून घ्या, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करा, “उद्या तुम्हीच येणार ना?” लाजू नका. मला अजून येतो तो फोन, अंधेरीच्या प्रत्येक तारखेच्या आधी.