न्याय खात्यात उपमंत्री होऊ पाहणाऱ्या होतकरूस

बाबा रे, गृह नको, महसूल तर नकोच. मागायचंच तर न्याय खात्याचं उपमंत्रिपद माग, आणि तेही पोलंडमधलं मिळालं तर देव पावला म्हण. आता फोटो मंत्र्याचाच येणार. तू दोन पावलं मागे, फाइल छातीशी धरून उभं राहायचंस. वाईट वाटून घेऊ नकोस. फोटो साहेबांचा आणि सही तुझी, ही वाटणी पूर्वापार आहे.

आदर्श म्हणून मार्चिन रोमानोव्स्की यांचं चरित्र उशाशी ठेव. माणूस कायद्यातला डॉक्टरेट. २०१९ ते २०२३ उपमंत्री. साहेब म्हणजे न्यायमंत्री झ्बिग्निएव्ह झोब्रो. आणि हाताशी न्याय निधी! गुन्हेगारांकडून वसूल केलेला पैसा गुन्ह्याला बळी पडलेल्यांना द्यायचा, एवढाच त्या निधीचा मूळ उद्देश. तेवढ्यावर थांबलास तर संपलास. बळी पडलेला माणूस मत देईलच याची काय खात्री? त्यापेक्षा गावच्या अग्निशमन दलाला बंब द्यावा. बंब लाल असतो, लांबून दिसतो, शेजारी उभं राहून हसता येतं. २०१७ मध्ये तर याच निधीतले अडीच कोटी झ्लॉटी पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरकडे वळले. पीडितांचं दुःख समजून घ्यायचं तर आधी लोकांचे फोन ऐकायला नकोत का? (रोमानोव्स्की तेव्हा उपमंत्री नव्हते. पण त्या व्यवहाराच्या कागदावर नाव निघालं ते उपमंत्र्याचंच, दुसऱ्या एका.)

तळं राखी तो पाणी चाखी, हे आपण कौतुकाने म्हणतो. तिकडचे सरकारी वकील त्याला आरोपपत्राची भाषा लावतात. म्हणून चहा आणणाऱ्यापेक्षा फाइल आणणाऱ्याच्या खिशावर नजर ठेव. निधीचा कारभार पाहणारा खात्यातलाच एक संचालक गुपचूप संभाषणं ध्वनिमुद्रित करत होता, हे २०२४ मध्ये कळलं. रोमानोव्स्कींवर ११ आरोप ठेवले गेले. त्यांना ते मान्य नाहीत. हा राजकीय सूड आहे, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य आजच पाठ कर. कुठल्याही देशात, कुठल्याही पक्षात चालतं.

छत्र्या मात्र दोन ठेव. जुलै २०२४ मध्ये संसदेने खासदार म्हणून त्यांना असलेलं अटकेपासूनचं संरक्षण काढलं, अटक झाली, आणि लगेच सुटकाही. कारण युरोप परिषदेच्या संसदीय सभेचे सदस्य म्हणून त्यांच्या डोक्यावर दुसरी छत्री होती, आणि ती मिटायची राहिली होती! ऑक्टोबरात तीही मिटली. डिसेंबरात न्यायालयाने कोठडीचा आदेश दिला, तोवर स्वारी पसार. पोलिसांनी लुब्लिनमधला एक मठसुद्धा धुंडाळला. मठात फक्त साधू निघाले, जे हल्ली सगळीकडेच घडतं असं नाही.

१९ डिसेंबरला हंगेरीने राजाश्रय जाहीर केला. कारण काय, तर पोलंडमध्ये त्यांना निष्पक्ष न्याय मिळणार नाही! चार वर्षं ज्या खात्यात बसलो, त्याच खात्याच्या मुलखात न्याय नाही, हे ठामपणे सांगायला अनुभव लागतो. ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. पुढे बुडापेस्टमध्ये हंगेरियन-पोलिश स्वातंत्र्य संस्थेचं प्रमुखपदही मिळालं. फरार माणसाला स्वातंत्र्याची गोडी जरा जास्तच कळत असणार.

कोल्हापूरकरांना पोलिश निर्वासित नवे नाहीत. १९४३ ते ४८ या काळात सायबेरियातून सुटून आलेली हजारो बायकापोरं वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांच्यात एकही उपमंत्री नव्हता, म्हणून बिचाऱ्यांना इतक्या लांब यावं लागलं.

आणि दोन पावलं मागे राहण्याचं दुःख? तेही फिटतं. जानेवारी २०२६ मध्ये खुद्द झोब्रो साहेबांनाही हंगेरीने राजाश्रय दिल्याचं जाहीर झालं. तेव्हा त्यांचा उपमंत्री तिथे वर्षभर आधीच पोचून बसलेला होता.