'पीएफ नको, हातात द्या' म्हणणाऱ्यांसाठी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या मशीन ऑपरेटरची स्लिप घ्या. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००, घरभाडे भत्ता वगैरे ५,०००, ग्रॉस १९,०००. खाली कपात: पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,६८०, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) १४३, पीटी (व्यवसाय कर) २००. एकूण २,०२३. हातात १६,९७७. मी पगाराचं काम बघते, आणि अशी स्लिप मिळाली की पोरं येऊन म्हणतात, "मॅडम, दोन हजार टॅक्स गेला."

टॅक्स गेला तो २०० रुपये. तोही इन्कम टॅक्स नाही, राज्याचा व्यवसाय कर. वर्षाला २ लाख २८ हजार कमावणाऱ्याला इन्कम टॅक्स लागतच नाही. फक्त पगाराचं उत्पन्न असेल तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाख ७५ हजारांपर्यंत तो शून्य आहे. व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांची आठवण तेव्हा ताजी होती. गावाकडच्या हाताला काम मिळावं म्हणून पगारदारांनी थोडे पैसे द्यायचे, हे मला आजही रास्त वाटतं. (बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून पीटी माफ आहे. कुणा ताईचा अजून कापला जात असेल तर तिने आजच विचारावं.)

आता ते १,६८०. हे तुमच्या नावावर जमा होतात, आणि मालकाला तेवढेच स्वतःचे घालावे लागतात. त्याच्या हिश्श्यातले १,१६६ पेन्शन योजनेत जातात, ५१४ पीएफ खात्यात. शिवाय विम्यासाठी तो वेगळे ७० रुपये भरतो. नोकरीत असताना कामगार दगावला तर घरच्यांना कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते ती यातूनच. खात्यावर २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के होतं. म्हणजे 'पीएफ नको, हातात द्या' म्हणणारा स्वतःचे १,६८० सोडवून घेतो आणि मालकाकडून येणारे १,७५० सोडून देतो. ठेकेदार याला लगेच हो म्हणतात, कारण वाचतात त्यांचे पैसे.

माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो नोकरी बदलताना पीएफ काढून घेणाऱ्यांसाठी. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. चार ठेकेदारांकडे तीन-तीन वर्षं राबलेल्या माणसाने दर वेळी पेन्शनसकट सगळं काढलं, तर बारा वर्षं घाम गाळूनही पेन्शनच्या हिशोबात त्याची सेवा शून्य. त्यानेच एक यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) धरून खातं पुढे नेलं असतं तर ५८ व्या वर्षी हिशोब असा होता: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १४,००० पगार आणि १२ वर्षं धरली तर महिना २,४००. रक्कम लहान आहे, मान्य. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकलेली आहे, ही सरकारने लाज वाटून घ्यावी अशीच गोष्ट आहे. तरीही ती मरेपर्यंत येते आणि मागे बायकोलाही मिळते. पैसे कुणी हौसेने काढत नाही, हे मला माहीत आहे. बहिणीचं लग्न असतं, आईचं ऑपरेशन असतं. पण लग्न, आजारपण, शिक्षण, घर यासाठी खातं न मोडता ॲडव्हान्स काढता येतो. आधी तो मागा.

१४३ रुपयांची ईएसआयसी ही तर स्लिपवरची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी ओळ. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांचे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो, इथे ६१८ रुपये. त्यात घरच्यांचे उपचार आहेत, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार आहे, बाळंतपणाला २६ आठवड्यांचा पगार आहे. आणि या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली पोरं थोडी नाहीत. त्यांना बरं होईपर्यंत ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर कमाईची ताकद जितकी घटली त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. दवाखान्यातल्या रांगा, औषधांचा तुटवडा, सगळं मी पाहिलंय. पण तेवढ्यासाठी ईएसआयसीचं कार्ड न वापरता खाजगीत कर्ज काढून उपचार करणं मला पटत नाही. आपल्या पगारातून चालणारा दवाखाना सुधारावा म्हणून भांडायचा हक्क आपलाच आहे.

राग खरा कुठे काढायचा तेही सांगते. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे, तरी कंत्राटी पोरांच्या स्लिपवर दोन्ही हिस्से कापलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. कापून घेतलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, विश्वासघाताचा. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवेत. ठेकेदाराने भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, त्यामुळे "आमचा संबंध नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं. दर महिन्याला स्लिपवरचा आकडा आणि पासबुकातला आकडा जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पीएफ ऑफिसला लेखी तक्रार करा. तोंडी सांगून काही होत नाही. नॉमिनीही त्याच बैठकीत भरून टाका. लग्न झाल्यावर बायकोचं नाव न टाकलेली खाती फार आहेत, आणि नंतर त्या बाईला कागदांसाठी किती फिरावं लागतं ते मी जवळून पाहिलंय.

स्लिप वाचताना कुणाला अडलं तर नाव आणि यूएएन झाकून फोटो टाका. रविवारी बसून सगळ्यांना उत्तरं देते.