कांगेमीतलं प्रवचन आणि आपल्या सोसायट्या

आपल्याकडे घरांच्या वादात धर्म येतो तो बहुतेकदा दार लावून घ्यायला. अमुक धर्माचा भाडेकरू नको, मांसाहारी नको. मुंबईत मराठी माणसालाच या कारणावरून नकार मिळाला की चार दिवस चॅनेलवर गदारोळ होतो, पाचव्या दिवशी सोसायटीचा नियम जागच्या जागी असतो. धारावीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की मात्र धर्म औषधालाही सापडत नाही. तिथली भाषा चौरस फुटांची. १ जानेवारी २००० आधीचे, तळमजल्यावरचे ते पात्र, त्यांना धारावीतच ३५० चौरस फूट. माळ्यावर राहणाऱ्यांनी आणि नंतर आलेल्यांनी धारावीबाहेर जायचं. फोनवर भावाशी माझं यावरून कडाक्याचं वाजतं, पण तेही एफएसआय (किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आणि कागदपत्रांवरून. माळ्यावरच्या माणसाचा त्या जमिनीवर काही हक्क पोचतो का, हा नीतीचा प्रश्न आहे असं आम्हा दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, सध्या माझं घर आहे; तिथे हा प्रश्न चर्चमध्ये कानावर पडतो. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाई कांगेमी या झोपडपट्टीत राहतात, वेस्टलँड्स भागातल्या काचेच्या इमारतींपासून वायाकी वे या रस्त्याने थोडं पुढे. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, संडास सामायिक, पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनने विकत. लिटरचा हिशेब केला तर ते माझ्या फ्लॅटच्या नळाच्या पाण्यापेक्षा महाग पडतं. खोलीचा मालक त्यांनी कधी पाहिलेला नाही. त्याचा केअरटेकर येतो, आणि भाडं थकलं तर दाराला स्वतःचं कुलूप ठोकून जातो. भांडीकुंडी, मुलांची दप्तरं आत, माणसं बाहेर.

याच कांगेमीत, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या सेंट जोसेफ द वर्कर चर्चमध्ये, २७ नोव्हेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस बोलले होते. जमीन, निवारा आणि काम हे पवित्र हक्क आहेत, ते देणं म्हणजे दानधर्म नव्हे, कर्तव्य आहे, असं त्यांनी सांगितलं. बिनचेहऱ्याचे बिल्डर शाळांची मैदानंसुद्धा गिळायला निघालेत, हेही म्हणाले. त्याच वर्षी जानेवारीत नैरोबीतल्याच लांगाटाच्या प्राथमिक शाळेचं मैदान कुंपण घालून लाटलं गेलं होतं आणि ते कुंपण पाडायला निघालेल्या पोरांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. त्यामुळे रोख कुठे आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

या भूमिकेचा धार्मिक आधार जुना आहे. बायबलच्या लेवीय पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात देव सांगतो की जमीन कायमची विकू नका, ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. यशया संदेष्टा तर घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना थेट शाप देतो. प्रवचनात हे फार प्रभावी वाटतं. पण त्याच लेवीयाच्या अध्यायात चार-पाच ओळी पुढे एक अपवाद आहे, तो सहसा वाचला जात नाही. तटबंदीच्या शहरातलं घर विकलं आणि वर्षभरात सोडवून घेतलं नाही, तर ते कायमचं घेणाऱ्याचं, पन्नासाव्या वर्षीही परत नाही. म्हणजे शेतकऱ्याला दिलासा आणि शहरातल्या माणसाला बाजारभाव! आफ्रिकेतल्या शहरांबद्दल ख्रिस्ती विचार मांडायचा तर या अपवादाला भिडावं लागेल. कांगेमी, कोरोगोचो, मुकुरू या नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतल्या बहुतेकांनी जमीन गमावलेली नाही, कारण शहरात ती त्यांची कधी नव्हतीच. ते भाडेकरू आहेत.

भाडेकरूबद्दल चर्च अडखळतं, ते उगाच नाही. बुलडोझर घेऊन आलेल्या सरकारविरुद्ध बोलायला हिंमत लागते हे खरं, आणि ती इथल्या पाद्र्यांनी दाखवलेली आहे. पण पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधून भाडं खाणारा मालकही रविवारी कुठल्या तरी चर्चमध्ये, बहुधा पुढच्या बाकावर, बसलेला असतो. दानाच्या थाळीत मोठी नोट त्याचीच पडते.

थाळीवरून २०२४ च्या नोव्हेंबरमधला प्रसंग सांगायला हवा. केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो नैरोबीतल्या कायोलेच्या सोवेटो वस्तीतल्या कॅथलिक चर्चमध्ये गेले आणि २६ लाख शिलिंग देऊन आले. त्यातले २० लाख पाद्र्यांचं निवासस्थान बांधायला होते. चहूबाजूंनी पत्र्याच्या खोल्या आणि देणगी पाद्रीबुवांच्या घराला! नैरोबीचे आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी पैसे परत करायला सांगितलं आणि पुढे कबूल केलेली आणखी ३० लाखांची रक्कम व बसही नाकारली. इथे राजकारण्यांच्या रविवारच्या देणग्यांवर कित्येक चर्च पोसली जातात. समृद्धीचा संदेश देणारे पास्टर तर गरिबी म्हणजे श्रद्धा कमी पडल्याची खूण असं सुचवून मोकळे होतात. त्या पार्श्वभूमीवर हा नकार मला कुठल्याही प्रवचनापेक्षा वजनदार वाटला.

दक्षिण आफ्रिकेतलं चित्र याहून कडू आहे. जोहान्सबर्गच्या सोफियाटाऊनमधून १९५५ पासून काळ्या रहिवाशांना पोलिसी बळावर हलवलं, तेव्हा ट्रेव्हर हडलस्टन या अँग्लिकन पाद्र्याने कडाडून विरोध केला. घरं गेली ती गेलीच. चर्च मात्र उभं राहिलं. पुढे त्याच शहरात सेंट्रल मेथडिस्ट चर्चने झिम्बाब्वेतून आलेल्या हजारो निर्वासितांना जिन्यांवर, बाकांवर झोपू दिलं. शेजारचे दुकानदार वैतागले, २००८ च्या जानेवारीत पोलिसांनी धाड घातली, तरी २०१४ च्या अखेरीपर्यंत तो आसरा चालला. ती व्यवस्था घाणेरडी होती, गर्दीची होती. पण तिथे देवाची जमीन म्हणजे नेमके किती चौरस फूट, हे दिसत तरी होतं.

आपल्याकडे असं काही नव्हतंच असं मी म्हणणार नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात बिल्डर आणि गुंड दोघांना अंगावर घेतलं. तो लढा ज्यांच्याकडे वाडी, विहीर, केळीची बाग होती त्यांची जमीन वाचवण्याचा होता, आणि तो रास्तच होता. नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्याला त्यात जागा कमी होती, इतकंच.

केनियात सध्या परवडणाऱ्या घरांसाठी प्रत्येक पगारातून दीड टक्का कापला जातो, माझ्याही. बिशप त्यावर जरूर बोलोत. त्याआधी मला त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्यात. नैरोबीत चर्चच्या नावावर किती जमीन आहे आणि तिच्यातली किती मोकळी पडली आहे, ते जाहीर करावं. आणि भाडं थकलेल्या खोलीला मुलांची दप्तरं आत ठेवून कुलूप लावणं हे पाप आहे, असं पुढच्या बाकाकडे बघून म्हणावं. पुण्या-मुंबईच्या देवस्थान ट्रस्टांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना हेच विचारलं तर काय होईल, असं मी भावाला परवा म्हटलं. तो म्हणाला, आधी आपल्या डोंबिवलीच्या फ्लॅटचा भाडेकरार काढून बघ.