पनीरचं पाणी: काहिलीत आटवायचं की गोठवायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

पनीरचं पाणी दाट करायला ते गोठवावं, असं मी लिहिलं होतं. दादा, त्यावर तुमचं म्हणणं असं की आपल्याकडं एवढा उसाचा रस काहिलीत आटतोय, मग पनीरचं पाणी फ्रीझरात घालून लाईट बिल कशाला वाढवायचं, निम्मा माल तर बर्फातच अडकतो, आणि वर 'प्रोटीन वाचतं' ही थाप.

गुऱ्हाळावर चिपाडं फुकट असतात ओ, आणि रसात साखरच 15-20 टक्के. पनीरच्या पाण्यात सगळं मिळून जेमतेम 6 टक्के. 100 लिटरचं 20 करायचं तर 80 लिटरची वाफ घालवा, म्हणजे घरच्या शेगडीवर 14.2 किलोचं सिलिंडर अर्ध्याच्या वर गेलंच. एक किलो पाण्याची वाफ करायला 2257 किलोज्यूल लागतात, बर्फ करताना 334 काढावे लागतात. त्यात हे पाणी आंबट, दुधाची साखर असलेलं, आटत आलं की तळाला लागतंय, तपकिरी होतंय आणि करपट वास येतोय तो वेगळाच. मोठ्या डेअरीचं गणित निराळं, तिथं व्हॅक्यूममध्ये तीच वाफ पुन्हापुन्हा वापरतात, त्यांनी गोठवत बसू नये हे मलाही मान्य.

प्रोटीनचं पनीरपुरतं तुमचं बरोबर. दूध 80-90 डिग्रीला तापवलं की पाण्यात जाणारं बरंचसं प्रोटीन केसीनला (दुधातल्या मुख्य प्रोटीनला) चिकटून पनीरमध्येच बसतं. मी लिहिलेलं ते रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) घालून केलेल्या चीजच्या पाण्याबद्दल, त्यातलं प्रोटीन शाबूत असतं आणि उकळलं की फाटतं.

आता बर्फात माल अडकतो म्हणता, तर अडकतोच, पण वितळू देताना काय करता त्यावर आहे. बाटली हळू गोठवायची (घाईनं गोठवलं की बर्फात जास्त अडकतं), मग उलटी टांगायची. पहिलं जे गळतं ते दाट, हिरवट-पिवळं, तो रिबोफ्लेविनचा (बी-2 जीवनसत्त्वाचा) रंग. गळणारं पाणी फिकं झालं की भांडं काढा, उरलेला बर्फ कणकेला, भाताला वापरा, मोरीत नको, कारण हे असलं पाणी ओढ्यात गेलं की कुजताना त्यातला ऑक्सिजन खातं आणि आपले ओढे शेवटी पंचगंगेलाच मिळतात.

गळालेलं दाट पाणी असंच दोन-तीनदा गोठवून बघा, पण फार ताणू नका. गार पाण्यात दुधाची साखर कमी विरघळते, दाट झालं की वाळूसारखी कचकच लागते. आणि गोठवून जंतू मरत नाहीत, तेव्हा पाणी ताजं असतानाच फ्रीझरात टाका, आदल्या दिवशीचं नको.