फुकटचा फळा : ‘एक सीएचबी’ यांना उत्तर

नमस्कार सर (किंवा मॅडम, कारण सहीच्या जागी नुसतं ‘एक सीएचबी’, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’वर, तासांच्या हिशोबाने शिकवणारी व्यक्ती, एवढंच आहे),

तुमची प्रतिक्रिया गेल्या रविवारी वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि लिहिलेलं सगळं पुसलं, कारण त्यात चिडचिड जास्त आणि उत्तर कमी होतं. आज आठ दिवसांनी लिहितेय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विद्यापीठात गणित शिकणाऱ्या मुलांबरोबर आम्ही सात जण दर शनिवारी दुपारी एका रिकाम्या वर्गात बसतो, त्याबद्दल मी लिहिलं होतं. दोन निवृत्त प्राध्यापक आहेत, एक बँकेतले, तिघं सॉफ्टवेअरवाले आणि विमा कंपनीतली मी. मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, चहाचे पैसे आळीपाळीने. त्यावर तुम्ही लिहिलंत की विभागांमध्ये पदं रिकामी आहेत, तुम्ही दोन कॉलेजांत तासावर शिकवता, ते पैसेही वर्ष संपलं तरी हातात पडत नाहीत. आणि आमच्यासारखी माणसं फुकट फळ्यापुढे उभी राहून ‘पगाराशिवायही चालतं’ हे वरच्यांना दाखवून देतात. ‘तुमचा छंद होतो, आमचं पोट जातं.’ पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या त्यागाचा टोमणा, आणि शेवटी आमच्या फ्लॅटचा नि पेन्शनचा.

पोटाचं वाक्य लागलं. लागलं कारण एकदा आमच्या हातून नेमकं तेच झालंय, आणि लेखात मी ते सोयीस्करपणे गाळलं होतं. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजातले गणिताचे सर सत्राच्या मध्येच सोडून गेले. ‘तात्पुरतं सांभाळून घ्या’ असा निरोप आला. रेषीय बीजगणिताचा पेपर होता, माझा आवडता. मी आणि बँकेतल्या काकांनी वार वाटून घेतले आणि अख्खं सत्र शिकवलं. मुलं खूश, आम्ही त्याहून खूश. जूनमध्ये तिथल्या ऑफिसातले एक क्लार्क सहज बोलून गेले, की त्या पेपरचा वर्कलोड ‘भागतोय’ म्हणून सीएचबीची जाहिरात काढलीच नाही. म्हणजे एका माणसाचे तास आम्ही हौसेने खाल्ले होते. त्या दिवसापासून नियम केला : अभ्यासक्रमातला एकही तास घ्यायचा नाही, पेपर तपासायचे नाहीत, मस्टरवर सही करायची नाही. तेव्हा या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. ‘थोडंफार बरोबर’ वगैरे नाही, बरोबर आहे.

गोखल्यांचं म्हणाल, तर तिथे मी तुमच्यापेक्षा जरा पुढे जाईन. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून गोखल्यांनी २० वर्षं दरमहा ७५ रुपयांवर काम करायचं कबूल केलं, फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवलं, अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. पण आजीव सदस्य नुसते शिकवत नव्हते, संस्था तेच चालवत होते. काय शिकवायचं, कोणाला घ्यायचं, पैसा कुठे खर्चायचा, हे त्यांच्या बैठकीत ठरायचं. संस्था आपली म्हणून पगार कमी घेणं एक. ज्या कॉलेजात बसायला स्वतःची खुर्ची नाही, तिथे कमी पैशांत राबणं दुसरं. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देणारे लोक सभांमध्ये हार घालून घेतात, हे मीही पाहिलंय.

इथवर आपलं जमलं. आता जमत नाही ते.

तुम्ही असं धरून चालला आहात की शनिवारी आम्ही शिकवतो, म्हणजे कुणाच्या तरी वाट्याचं काम करतो. पण गणिताच्या जगात पुष्कळ काम असं आहे की जे कुणाच्याच वाट्याला नव्हतं. १९०७ च्या एप्रिलमध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी सुरू झाली ती कोणामुळे? व्ही. रामस्वामी अय्यर, मद्रास इलाख्यातले डेप्युटी कलेक्टर. परदेशी नियतकालिकं आणि पुस्तकं एकट्यादुकट्याला परवडेनात, म्हणून त्यांनी मित्रांना जमवलं. पहिलं नाव होतं ‘ॲनालिटिक क्लब’. सगळ्यांनी वर्गणी काढायची, अंक मागवायचे आणि वाचायला सदस्यांमध्ये फिरवायचे. ग्रंथालय ठेवलं आपल्या पुण्यात, फर्ग्युसनमध्ये, रँग्लर परांजपे तिथे प्राचार्य असताना. दिवसभर महसुलाच्या फायली उपसून रात्री अंकांची वर्गणी कोणाची आली, कोणाची राहिली, हे बघणाऱ्या माणसाने कुठल्या प्राध्यापकाची जागा खाल्ली? ती जागाच नव्हती. आणि तो त्यागही नव्हता. त्यांना ते अंक वाचायचे होते!

त्याचं पुढे काय झालं ते तुम्ही वर्गात सांगत असालच. १९१० मध्ये एक बेकार तरुण नोकरी मागायला वह्या घेऊन याच अय्यरांकडे गेला. त्यांनी वह्या चाळल्या आणि महसुलातली कारकुनी त्याला दिली नाही, चिठ्ठी देऊन गणितवाल्यांकडे पाठवलं. १९११ मध्ये रामानुजनचा पहिला लेख सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला, बर्नुली संख्यांवर. त्याच जर्नलमध्ये तो वाचकांना कोडी घालायचा. वर्गमुळात वर्गमूळ, त्यात पुन्हा वर्गमूळ, असं न संपणारं एक पद त्याने विचारलं होतं. महिने गेले, कोणालाच सुटलं नाही, शेवटी उत्तर त्यानेच दिलं. ३! (हे उद्गारचिन्ह आहे, फॅक्टोरियल, म्हणजे ३×२×१, नव्हे. गणितवाल्यांसमोर जपून लिहावं लागतं.)

आता आमचा शनिवार. मागच्या पावसाळ्यात फळ्यावर एक प्रश्न होता : असं संतत फल (फंक्शन, ज्याचा आलेख पेन न उचलता काढता येतो) आहे का, जे प्रत्येक वास्तव संख्या बरोबर दोनदाच घेतं, म्हणजे ज्याचा आलेख प्रत्येक उंचीवर बरोबर दोनदाच येतो? नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. निवृत्त सरांनी पाच मिनिटांत दाखवलं. दोन ठिकाणी किंमत सारखी, मध्ये आलेख वर गेलेला. मग बाहेर दोन्हीकडे तो त्या पातळीच्या खालीच राहायला हवा, नाहीतर त्या पातळीच्या जरा वरची किंमत तिसऱ्यांदा येईल. म्हणजे मधल्या शिखराच्या वरच्या संख्या कधीच यायच्या नाहीत. संपलं. सर हात झटकतायत तेवढ्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी, जी तोवर महिनाभर फक्त चहाचे कप गोळा करत होती, म्हणाली, “पण सर, सगळ्या संख्या नकोच घेऊ दे. ज्या घेईल त्या दोनदा, एवढंच म्हटलं तर?”

वर्ग गप्प. सर गप्प. मी घरी जाताना बसमध्ये तिकिटाच्या मागे आकृत्या काढत होते आणि माझा थांबा मागे गेला.

पुढच्या शनिवारी तिनेच खडू घेतला. बाहेर सगळं खालीच आहे, म्हणजे शिखराची किंमतसुद्धा दुसऱ्यांदा आतच कुठेतरी यायला हवी. म्हणजे शिखरं दोन. “आणि दोन शिखरांना उतार चार असतात ना,” असं म्हणून तिने शिखरांच्या जरा खालून एक आडवी रेघ मारली. रेघ आलेखाला चार ठिकाणी कापून गेली. सर खुर्चीतून उठले आणि काही न बोलता त्यांनी आपला स्वतःचा पुरावा पुसून टाकला. मग बरोबर तीनदा घेणारं फल सापडतं का, यावर सहा वाजेपर्यंत भांडण. सापडतं : एक पायरी वर, एक खाली, पुन्हा एक वर, असा नागमोडी जिना दोन्हीकडे न संपणारा.

या दोन शनिवारांत कोणी कोणाला शिकवलं, सांगा. मला विमा कंपनीत दिवसभर मृत्युकोष्टकं (कोणत्या वयात किती जण दगावतात त्याचे तक्ते) बघावी लागतात. तिथे माझी चूक निघाली तर मेमो येतो. इथे चूक काढणारं कोणी मिळावं म्हणून मी दोन बस बदलून जाते. एकटीने केलेल्या सिद्धतेवर माझा विश्वास बसत नाही, दुसऱ्या कोणीतरी ती डोळ्यांखालून घालावी लागते. म्हणून जाते. समाजसेवा हा शब्द मी लेखात एकदा वापरला होता, तो मागे घेते.

राहिला फ्लॅट आणि पेन्शन. हो, आमच्यातल्या सातही जणांचं घर चालतंय म्हणूनच शनिवार रिकामा आहे. तुम्ही एसटीने रोज दोन गावं करता. तुमच्यासारखा जाणकार आमच्यात हवा होता, पण तुम्हाला ‘या एकदा’ म्हणायची माझी हिंमत नाही. न मिळालेल्या पगाराच्या वर आणखी एक बिनपगारी दुपार मागणं बरं दिसणार नाही.

एक मात्र विचारायचंय. रिकाम्या पदांबद्दल आणि थकलेल्या मानधनाबद्दल आम्ही सातही जणांनी सह्या करून एक निवेदन दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर दुसरं देतोय. त्याला तुमची ही प्रतिक्रिया जशीच्या तशी, फक्त कॉलेज ओळखू येईल अशा दोन ओळी गाळून, जोडली तर चालेल का? नको असेल तर तसं इथेच खाली लिहा, जोडणार नाही.