‘मोटर १५० मिलिअँपियरच घेते’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

‘लहान मोटर आणि मायक्रोकंट्रोलर’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नवी मुंबईतल्या घणसोलीहून आली. ती सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या गाडीला दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअर लावलेल्या लहान मोटरी) आहेत, ईएसपी३२ (प्रोग्राम चालवणारी वाय-फायवाली चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर) आहे, चार पेन्सिल सेल आहेत. प्रत्येक मोटरला एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) आणि त्याच्या बेसला, म्हणजे नियंत्रणाच्या पायाला, २२० ओहमचा रेझिस्टर. मीटरवर एक मोटर १५० मिलिअँपियर घेते. त्यामुळे तुमचं म्हणणं असं की लेखात सुचवलेले ड्रायव्हर मॉड्यूल (मोटरला करंट पुरवणारा छोटा बोर्ड), डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) हा सगळा नवशिक्यांच्या माथी मारलेला खर्च आहे. शिवाय सगळं कॉलेज एल२९८एन हा ड्रायव्हर वापरतं, मग लेखात मी त्याच्या विरोधात का? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की नव्या सेलवर गाडी छान चालते, पण काही दिवसांनी ईएसपी मधेच रीस्टार्ट होतो, तो वाय-फाय लायब्ररीचा बग असावा.

माझ्या मते हे शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथे पोचायला आधी ते १५० मिलिअँपियर तपासावे लागतील.

तुमचा मीटर खोटं सांगत नाही. पण साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि मोटर सुरू होतानाचा झटका सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो. तो मीटरला दिसतच नाही. फिरणारी मोटर स्वतःही उलट दिशेने व्होल्टेज तयार करते, म्हणून फिरताना करंट कमी राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हे उलटं व्होल्टेज शून्य असतं, उरतो फक्त वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स. सुरू होण्याच्या क्षणी आणि चाक अडकल्यावर मोटर ‘व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स’ एवढा करंट मागते. पार्ट निवडायचा तो या आकड्यावर.

हा आकडा घरीच काढता येतो. मोटरच्या वायरी सर्किटमधून सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय दिसतं ते टिपून ठेवा, बहुतेक ०.३ ते ०.५ येईल, ते नंतर वजा करायचं. मग चाक हाताने थोडं थोडं फिरवत सात-आठ जागी रीडिंग घ्या. मोटरच्या आतला ब्रश कम्युटेटरच्या (फिरत्या संपर्काच्या) कुठल्या पट्टीवर आहे त्यानुसार आकडा हलतो. सगळ्यात लहान आकडा धरा. उदाहरणासाठी ५ ओहम मानू. सहा व्होल्टवर १.२ अँपियर झाले. सेलचा आतला रेझिस्टन्स चारांचा मिळून ०.८ ओहम धरला तरी एका मोटरला जवळपास एक अँपियर हवा.

आता तुमचा ट्रान्झिस्टर. ईएसपीचा पिन ३.३ व्होल्ट देतो, बेस-एमिटरला (बेसपासून ग्राउंडच्या पायापर्यंत) ०.७५ जातात, २२० ओहममधून साधारण १२ मिलिअँपियर बेसला मिळतात. ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट व्हावा, म्हणजे पूर्ण उघडावा, म्हणून बेसला कलेक्टर करंटचा (मोटरमधून येणाऱ्या करंटचा) दहावा हिस्सा देतात. त्या हिशेबाने १२० मिलिअँपियरपर्यंत तो निवांत आहे, १५० लाही थंड राहील. म्हणून टेबलावर सगळं ठीक दिसतं. पण चाक पायपुसण्यात अडकलं की तो सॅच्युरेशनमधून बाहेर येतो. समजा अर्धा अँपियर जाऊ दिला. मोटरवर २.५ व्होल्ट पडतात, सेलमध्ये ०.४ जातात, उरलेले ३.१ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर. म्हणजे तिथे दीड वॅट उष्णता. प्लॅस्टिकच्या २एन२२२२ ची मर्यादा २५ अंशांना ०.६२५ वॅट आहे, आणि मे महिन्यात ठाणे-नवी मुंबईतल्या बंद डब्यात २५ अंश कुठून येणार? वर मोटरला हव्या त्याच्या निम्माच करंट मिळाला, म्हणजे जोरही निम्माच. गाडी दाराच्या उंबऱ्याशी कण्हत उभी राहते ती यामुळेच.

आता रीस्टार्टकडे येतो. दोन्ही मोटरी एकदम सुरू झाल्या की, प्रत्येकी अर्धा धरून, सेलवर एक अँपियरचा भार येतो. नवे सेल तो झेलतात. वापरलेल्या सेलचं व्होल्टेज प्रत्येकी १.३ वर आलेलं असतं आणि आतला रेझिस्टन्स वाढून एकूण १.२ ओहमच्या आसपास गेलेला असतो. ५.२ मधून १.२ गेले, उरले ४. तुमच्या बोर्डवर एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर, आणि बहुतेक स्वस्त बोर्डांवर तोच असतो, ३.३ व्होल्ट स्थिर ठेवायला त्याला सुमारे ४.४ लागतात. त्यात वाय-फाय पाठवतानाचा ईएसपीचा स्वतःचा झटकाही त्याच वेळी आला की व्होल्टेज खचतं आणि चिप स्वतःला रीसेट करते. सीरियल मॉनिटर उघडा, ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ अशी ओळ (व्होल्टेज घसरल्याची सूचना) दिसली तर लायब्ररीचा काही दोष नाही. काही जण कोडमध्ये हा डिटेक्टरच बंद करतात. तसं करू नका, अपुऱ्या व्होल्टेजवर चिप काहीही करू शकते.

खात्री करायची सोपी चाचणी: सेलची प्लस वायर ईएसपीच्या ५ व्होल्ट पिनवरून काढा, बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवा, मोटरी सेलवरच राहू द्या, दोन्हींचा ग्राउंड मात्र जोडलेला हवा. रीस्टार्ट थांबले तर रोग सापडला. प्लस न काढता यूएसबी लावू नका, दोन सप्लाय एकमेकांत घुसतील.

इथे एक सावधगिरी. हे वाचून फक्त ट्रान्झिस्टर बदलून चांगला मॉस्फेट (व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) लावलात तर रीस्टार्ट वाढतील, कारण मोटरला आता पूर्ण करंट मिळेल आणि सेल आणखी खचतील. आधी सप्लाय वेगळा करा: ईएसपीला पॉवर बँक, मोटरला सेल, ग्राउंड एक. आणि कोडमध्ये मोटर एकदम पूर्ण वेगावर न नेता पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवायची पद्धत) २०० ते ३०० मिलिसेकंदांत वर चढवा. याला एक रुपयाही लागत नाही.

डायोडबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे: मोटर नुसती चालू-बंद करायची तर खास फास्ट डायोडची गरज नाही, १एन४००७ पुरतो. पण डायोडच नको हे चालणार नाही. ट्रान्झिस्टर बंद होताच वाइंडिंगमधला करंट वाट शोधतो आणि कलेक्टरवर व्होल्टेज उसळतं. ट्रान्झिस्टर पहिल्या दिवशी मरत नाही, मार खात राहतो. पट्टीची बाजू प्लसला, डायोड मोटरला समांतर. २० किलोहर्ट्झवर पीडब्ल्यूएम करणार असाल तर मात्र १एन५८१९ घ्या. १एन४००७ बंद व्हायला मायक्रोसेकंद घेतो आणि तेवढा वेळ दर चक्रात ट्रान्झिस्टरला सप्लाय जवळपास शॉर्ट दिसतो. मोटरच्या दोन टोकांवर १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा, ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथल्या तिथे दबतो.

एल२९८एन वाईट नाही, १२ व्होल्टच्या मोटरला ठीक आहे. पण आत डार्लिंग्टन (दोन-दोन जोडलेले) ट्रान्झिस्टर आहेत, एका अँपियरला किमान १.८ व्होल्ट आतच जातात. सहा व्होल्टच्या गाडीत हा तिसरा हिस्सा झाला. डीआरव्ही८८३३ या ड्रायव्हरमध्ये त्याच करंटला सुमारे ०.३६ व्होल्ट जातात, मोटर उलटीही फिरते आणि वेगळे डायोड लागत नाहीत. मर्यादा १०.८ व्होल्ट, म्हणजे दोन लिथियम सेल चालतील, तीन लावलेत तर जळेल. त्याचा स्लीप पिन हाय करायला (३.३ व्होल्टला जोडायला) विसरू नका, ‘मॉड्यूल डेड आलं’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा घोळ तिथेच असतो. मोटरच्या सप्लायवर, मॉड्यूलला चिकटून, ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर ठेवा. कमी वेगात मोटर नुसती गुणगुणत असेल तर एक इनपुट हाय ठेवून दुसऱ्यावर पीडब्ल्यूएम द्या. या पद्धतीत वेग खालपर्यंत नीट आवरता येतो.

एकाच दिशेने फिरवायचं असेल तर मॉस्फेट पुरेसा आहे, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट मागितल्यावर ‘सेम आहे’ म्हणून आयआरएफझेड४४एन दिला तर घेऊ नका. आयआरएफझेड४४एनचा रेझिस्टन्स गेटला (मॉस्फेटच्या नियंत्रणाच्या पायाला) १० व्होल्ट धरून दिलेला असतो. खरं तर आयआरएलझेड४४एनच्या डेटाशीटमध्येही ४ व्होल्टच्या खालची हमी नाही. ईएसपीच्या ३.३ व्होल्टला एओ३४०० हा मॉस्फेट योग्य, तो २.५ व्होल्टवरही नीट उघडतो. गेटला १०० ओहम मालिकेत, गेट ते सोर्स १० किलोओहम, नाहीतर बूट होताना चाकं आपोआप झटका देतील.

आणि मोटरचा करंट ब्रेडबोर्डमधून (वायरी नुसत्या खोचायच्या बोर्डमधून) नेऊ नका. खाडीकाठच्या दमट हवेत ब्रेडबोर्डच्या पट्ट्या गंजतात, पावसाळ्यात तर लवकरच. सिग्नल तिथे चालतील, मोटरच्या वायरी झीरो पीसीबीवर (भोकांच्या सोल्डर बोर्डावर) सोल्डर करा.

तुमच्या मोटरींचा सगळ्यात लहान रेझिस्टन्स आणि मोटरी सुरू होताना ५ व्होल्ट पिनवर दिसणारं व्होल्टेज खाली लिहा. मीटरला ‘मिन’ बटण असेल तर ते वापरा, पण अगदी छोटा खड्डा त्यालाही दिसणार नाही हे लक्षात असू द्या. यूएसबीवर चालवूनही रीस्टार्ट होत राहिले तर कोड टाका, मग लायब्ररीकडे बघू.