निर्गमचा पंचविसावा अध्यायही वाचा

संतभक्तीवरच्या एका लेखात बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातलं २०:४-५ (‘मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको’) देऊन कॅथलिकांची संतभक्ती म्हणजे मूर्तिपूजाच, असा निकाल दिला आहे. पण पाचच अध्याय पुढे, २५:१८ मध्ये, तोच देव दयासनाच्या, म्हणजे कराराच्या पवित्र कोशावरच्या झाकणाच्या, दोन्ही टोकांना सोन्याचे करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) घडवायला सांगतो. पितळी सर्पाचं उदाहरण तर त्याहून बोलकं. गणना २१ मध्ये देवाच्याच आज्ञेने मोशे तो करतो, सर्पदंश झालेल्यांनी त्याच्याकडे पाहून वाचावं म्हणून. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागतात, तेव्हा हिज्कीया राजा त्याचे तुकडे करतो (२ राजे १८:४). वस्तू तीच, वापर बिघडला.

देवाची उपासना आणि संतांचा आदर यांतला फरक प्रत्यक्ष पाहायचा तर संतांची लितानी (नावं घेत, उत्तर देत म्हणायची प्रार्थना) ऐका. ख्रिस्ताला ‘आमच्यावर दया कर’, मरियेला आणि संतांना फक्त ‘आमच्यासाठी विनंती कर’. मिस्साही (कॅथलिकांची मुख्य उपासना) संताच्या सणाला देवालाच अर्पण होते. मूर्तीत दैवी शक्ती आहे असं मानून तिच्याकडे काही मागू नये, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्येच स्पष्ट केलं.

प्रॉटेस्टंट आक्षेपाचा खरा जोर १ तीमथ्य २:५ वर आहे: देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. तो गंभीरच आहे. पण त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल एकमेकांसाठी रदबदली करायला सांगतो. मग वाद उरतो तो एवढाच, की स्वर्गातले संत आपली हाक ऐकतात का. कॅथलिक इथे प्रकटीकरण ५:८ दाखवतात, जिथे स्वर्गातले वडील पवित्र जनांच्या प्रार्थना धूपाच्या वाट्यांतून देवापुढे आणतात.

घर विकलं जावं म्हणून संत जोसेफची मूर्ती उलटी पुरणं, नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) प्रती वाटल्या नाहीत तर अरिष्ट येईल म्हणून घाबरणं, ही मात्र कॅथलिक शिकवणीनुसारही अंधश्रद्धाच. धर्मगुरूंनी प्रवचनात हे नाव घेऊन सांगायला हवं.